जुन्या केबिन बोटीला नवी इंजिनं: अंभोऱ्याच्या पाण्यावरचा अनुभव

आमच्या ३२ फुटी केबिन बोटीची दोन्ही इंजिनं २०२४ मध्ये बदलून झाली. तेव्हापासून नागपूर, भंडारा, गोंदियाकडच्या जलाशयांवर बोट चालवणाऱ्यांचे फोन येतात. खर्च किती आला, कागद कोणते लागले, मिस्त्री कुठला लावला, बोट पाण्याबाहेर काढली कशी. आम्ही हे काम हाती घेतलं तेव्हा आमच्या भागात विचारायला कोणी नव्हतं. जे वाचायला मिळे ते समुद्रावरचं आणि इंग्रजीत. म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवते आहे.

बोट मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी घेतलेली. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द (गोसे) धरणाच्या पाण्यात आमच्या धानाच्या बांध्या गेल्या, गाव वर पुनर्वसनात आलं. मोबदल्याच्या पैशातून त्यांनी अलिबागकडची ही जुनी फायबरची बोट ट्रेलरवर घालून आणली. आता अंभोऱ्याला लोकांना पूल दाखवायला माझे दीर बोट चालवतात, मी बुकिंग आणि कागदपत्रं पाहते. बोटीत १९९० च्या दशकातली दोन सहा सिलिंडरी डिझेल इंजिनं होती, ट्रकच्या इंजिनावरून मरीन केलेली. समुद्रावर बोट पळवायची म्हणून कोणीतरी ती बसवली असणार. आमच्या पाण्यावर ती कधी अर्ध्या ताकदीनेही चालली नाहीत.

खरा त्रास जलपर्णीचा. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येतं, त्या खतावर जलपर्णी माजते. आमची जुनी इंजिनं बाहेरचं पाणी आत ओढून थंड व्हायची. ते पाणी जाळीतून पंपात, पंपातून हीट एक्स्चेंजरमध्ये (इंजिनाची उष्णता या पाण्याला देणारा भाग) आणि शेवटी धुरासोबत मागून बाहेर. जाळीत जलपर्णीची मुळं अडकली की पाणी बंद, पंपातला रबराचा इम्पेलर कोरडा फिरून जळतो आणि काटा लाल रेषेवर जातो. दिवाळीच्या गर्दीत दीर दर फेरीनंतर जाळी काढून धूत असत. २०२३ च्या नोव्हेंबरात डावं इंजिन तापून हेड गॅस्केट गेलं. केबिनमध्ये शाळेची मुलं होती. उजव्या इंजिनावर बोट सुखरूप काठाला आली, पण त्या दिवशीची धास्ती अजून मनात आहे. घरात सगळ्यांनी मिळून ठरवलं की आता डागडुजी पुरे.

आधी ओव्हरहॉलचा भाव काढला. एका इंजिनाला साडेतीन लाखांच्या आसपास, आणि हीट एक्स्चेंजरचे भाग मिळतील याची खात्री कोणी देईना. मग नव्या इंजिनांचा विचार सुरू झाला. पहिला प्रश्न ताकदीचा होता. जुनी इंजिनं शंभर-शंभर हॉर्सपॉवरची, म्हणून नवीही तेवढीच, असं बहुतेक विक्रेते सांगत होते. पण पाणी कापत जाणाऱ्या बोटीच्या वेगाला मर्यादा असते. पाण्याच्या रेषेवर बोटीची जी लांबी असेल तिचं फुटातलं वर्गमूळ काढून त्याला १.३४ ने गुणायचं, की साधारण कमाल वेग नॉटमध्ये येतो. आमची लांबी २८ फूट, म्हणजे सात नॉट, तासाला तेरा किलोमीटर. त्यापुढे वेग हवा तर बोट पाण्यावर उचलावी लागते आणि डिझेल कितीतरी पट जळतं. "आपल्याले कुठं समुद्रात जायचं आहे वहिनी, लोकायले पूल दाखवाचा अन् वापस," असं दीर म्हणाले. हिशेब ४५-४५ हॉर्सपॉवरवर आला.

एकाच मोठ्या इंजिनावर भागवा, असाही सल्ला मिळाला. खर्च वाचला असता. पण आमच्या पाण्याखाली झाडांची खोडं उभी आहेत. बुडीत शेतांच्या धुऱ्यावरच्या बाभळी, बोरी, कुठे जुन्या विहिरीचा कठडा. शिवाय मासेमारीची जाळी. बोट ढकलणाऱ्या एका पंख्यात (प्रोपेलरमध्ये) जाळं गुंडाळलं तर दुसऱ्यावर घरी येता येतं. म्हणून दोनच ठेवली.

दुसरा प्रश्न थंड करण्याच्या पद्धतीचा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच. जलपर्णीच्या पाण्यात बाहेरचं पाणी आत घ्यायचंच नाही, असं आम्ही ठरवलं. कील कूलिंग नावाची पद्धत आहे. त्यात इंजिनातलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, बोटीच्या तळाला बाहेरून लावलेल्या पाइपांमधून फिरून थंड होतं आणि परत इंजिनात येतं. जाळी नाही, इम्पेलर नाही. कोकणातल्या काही लाँचना आणि नदीतल्या बार्जना ती असते. विक्रेत्यांच्या कॅटलॉगमध्ये मात्र आधी समुद्राच्या पाण्याचीच इंजिनं दाखवतात, कील कूलिंगचं मागून घ्यावं लागतं.

तिसरी गोष्ट इंजेक्शनची, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारण्याची. कॉमन रेलची, म्हणजे हे काम इलेक्ट्रॉनिक्सवर चालणारी इंजिनं डिझेल कमी खातात, धूर कमी करतात. पण सेन्सर बिघडला तर लॅपटॉप घेऊन माणूस मुंबईहून यायचा. साध्या मेकॅनिकल पंपाचं काम नागपुरात होतं. आम्ही मेकॅनिकल घेतलं. ज्यांची बोट सर्व्हिस सेंटरजवळ आहे त्यांनी आमचं अनुकरण करायचं कारण नाही.

डिसेंबरभर पैशांची जुळवाजुळव चालली. एका बँकेच्या शाखेत मला सांगण्यात आलं की ट्रॅक्टरला कर्ज देतो, बोटीचं आम्हाला माहीत नाही. दुसऱ्या शाखेतल्या ताईंनी बोटीची नोंदणी, आधीच्या तीन वर्षांची तिकिटांची वही आणि विम्याचा कागद नीट पाहिला आणि मुद्रा योजनेच्या तरुण गटात, म्हणजे दहा लाखांच्या आतलं प्रकरण तयार केलं. तिकिटांची वही जपून ठेवलेली होती हे फार कामी आलं. बाकी रक्कम घरची आणि माझं थोडं सोनं.

जीएसटीबद्दल इथे सांगते, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथे वाचले. आमची बोट प्रवासी बोट म्हणून नोंदलेली आहे. अशा बोटीचा भाग म्हणून इंजिन घेतलं तर तेव्हा कर ५ टक्के होता. तेच नुसतं डिझेल इंजिन म्हणून बिल झालं तर २८ टक्के. पहिलं कोटेशन २८ टक्क्यांनीच आलं होतं. गियरबॉक्ससह दोन्ही इंजिनांची किंमत ९ लाख ४० हजार, म्हणजे फरक दोन लाखांच्या वर. आमच्या सीएने नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि हमीपत्र जोडून पत्र दिलं, मग कोटेशन बदललं. स्वतःच्या हौसेच्या बोटीला ही सवलत लागू नव्हती. २०२५ च्या सप्टेंबरात कराचे टप्पेच बदलले, तेव्हा आजचा दर विचारूनच ऑर्डर द्या.

जानेवारीत आगाऊ रक्कम भरली. सहा आठवड्यांत माल येईल असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात इंजिनं मे महिन्यात आली. मी दर आठवड्याला फोन करत होते, दर वेळी नवं कारण. अशा ऑर्डरमध्ये उशिराची अट लेखी घालून घ्या.

त्याच सुमारास कागदांचं काम सुरू केलं. १९१७ चा जुना कायदा जाऊन आता इनलँड व्हेसल्स कायदा, २०२१ लागू आहे. आपल्या राज्यात नोंदणी आणि सर्वेक्षण महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे असतं. नोंदणी प्रमाणपत्रावर इंजिनाचा मेक, क्रमांक आणि ताकद लिहिलेली असते. इंजिन बदललं की ती नोंद बदलावी लागते आणि बोटीचं सर्वेक्षण नव्याने होतं. म्हणून काहीही कापण्याआधी लेखी कळवलं. सोबत जोडलं ते असं: मूळ नोंदणी, आधीचं सर्वेक्षण प्रमाणपत्र, विमा, बोटीचा आराखडा, नव्या इंजिनांचं माहितीपत्रक, आणि कोणतं वजन कुठून निघून कुठे बसणार याचा तक्ता. हा तक्ता नेव्हल आर्किटेक्टकडून, म्हणजे बोटींचे आराखडे करणाऱ्या अभियंत्याकडून, करून घ्यावा लागला. जुनं इंजिन गियरबॉक्ससह सव्वापाचशे किलोच्या घरात, नवं त्याच्या निम्म्याने. एवढा फरक पडला की बोटीचा तोल पुन्हा तपासावाच लागतो. एका कार्यालयात आमची फाइल महिन्याहून जास्त थांबली, कारण आराखड्यावर लांबी फुटात होती आणि अर्जात मीटरमध्ये. दोन्ही मापं एकाच एककात लिहा, आणि फुटात लिहिलं तर शेजारी मीटरही.

जलाशयाच्या काठावर काम करायला पाटबंधारेच्या शाखा कार्यालयाची परवानगी लागते. ती लवकर मिळाली. अट एकच होती, तेलाचा थेंब पाण्यात जाता कामा नये.

आता बोट बाहेर काढण्याचं. आमच्याकडे गोदी नाही, उतार नाही. पण धरणाचं पाणी उन्हाळ्यात आपोआप उतरतं. गोसेची पूर्ण पातळी २४५.५ मीटर. रब्बीला पाणी सुटलं की काठ उघडा पडू लागतो. मासेमारी करणाऱ्या एका ढिवर काकांनी पाण्यात उतरून पायाने तळ चाचपून कडक मुरमाची जागा शोधली. तिथे पाण्याखालीच रेतीची पोती रचली, बोट वर आणून चारी बाजूंनी बांधली. शाखा कार्यालयातून रोज पातळी विचारायची आणि दोर सैल करायचे. मार्चच्या सुरुवातीला बोट अलगद पोत्यांवर बसली. मग दोन्ही बाजूंना बल्ल्यांचे टेकू दिले. पोती ठेवताना बोटीच्या आत जिथे आडवी भिंत, म्हणजे बल्कहेड आहे, नेमकी त्याखालीच ठेवायची. मध्येच ठेवलं तर वजनाने तळ आत दबतो.

जुनी इंजिनं काढायला हायड्रा, म्हणजे चाकांची क्रेन आणली. मागच्या डेकची झडप लहान, इंजिन अख्खं निघेना. मिस्त्रीभाऊंनी आधी मॅनिफोल्ड, आल्टरनेटर, गियरबॉक्स उतरवले, मग चेनपुली लावून इंजिन तिरपं करून वर घेतलं. हे मिस्त्रीभाऊ पवनीकडचे, आयुष्य ट्रॅक्टर दुरुस्तीत गेलेलं. सुरुवातीलाच ते म्हणाले होते, "इंजिन बसवनं दोन दिसाचं काम आहे जी वहिनी. त्याच्या आजूबाजूचं बसवता बसवता उन्हाळा जाईन." तसंच झालं. प्रत्येक वायरला चिकटपट्टीवर क्रमांक लिहून मी फोटो काढून ठेवले. वायरिंग करताना त्या फोटोंशिवाय पान हललं नसतं. इंजिनं भंगारवाल्याच्या गाडीत चढली तेव्हा मामाजी काठावर खुर्ची टाकून बसले होते. गाडी गेल्यावर म्हणाले, "मशिनी इमानदार होत्या." मलाही तेव्हा भरून आलं.

इंजिनं निघाल्यावर खालचे बेड दिसले. हे बेड म्हणजे तळाला जडवलेल्या दोन लांब तुळया, आत लाकूड आणि वरून फायबरचं कवच. जुन्या बोल्टच्या भोकात मिस्त्रीभाऊंनी पेचकस खुपसला तर तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर टोकाला काळपट, ओला भुसा. बोल्टच्या भोकातून वर्षानुवर्षं तेल-पाणी झिरपून आतलं लाकूड कुजलं होतं. इंजिनाचा सगळा धक्का याच तुळयांवर येतो. हे असंच ठेवून वर नवं इंजिन बसवणं म्हणजे धोक्याला आमंत्रण. जुनी बोट असेल तर अंदाजपत्रकात बेडसाठी रक्कम आधीच धरा, बेड वरून कितीही टणक दिसोत.

कवच वरून कापलं, कुजलेलं खरवडून काढलं, आतून वाळू दिलं. मग मरीन प्लायच्या पट्ट्या एकमेकींवर चिकटवून नवा गाभा, आणि वर फायबरचे थर. हे काम एप्रिल-मेमध्ये आलं. आमच्याकडे तेव्हा पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. फायबरच्या कारागिराला, तो रत्नागिरीकडचा, अशा उन्हाची सवय नव्हती. रेझिन, म्हणजे फायबरचे थर चिकटवणारा द्रव, डब्यात ढवळता ढवळताच गरम होऊन घट्ट व्हायचं, डबा हाताला चटका द्यायचा आणि अर्धा माल फुकट. मग पद्धत बदलली. रेझिनचे डबे रात्री ओल्या पोत्यात गुंडाळून रांजणाशेजारी ठेवायचे, पहाटे चारला दिवे लावून काम सुरू करायचं, एका वेळी अर्धा लिटरच कालवायचं, हार्डनर कमीत कमी. सात वाजले की थांबायचं. मी चहा घेऊन जायची तेव्हा हिरवट दिव्यात कारागीर ब्रशने काचेचं कापड दाबत असायचा, बुडबुडा दिसला की बोटाने कडेला सरकवायचा. एका थरात हवा राहिली तर पुढे तिथून तडा जातो, म्हणून त्याला घाई केलेली अजिबात चालत नसे. एक सूचना जिवाची आहे: रेझिनचं कोबाल्ट आणि हार्डनर हे दोन कधीही एकमेकांत थेट ओतू नका, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचं, मग हार्डनर. बाटल्याही वेगवेगळ्या जागी ठेवा.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात इंजिनं आली. खोके उघडल्यावर आधी क्रमांक बिलाशी ताडून पाहिले, कारण हेच क्रमांक पुढे नोंदणीवर जाणार.

कील कूलिंगचे पाइप हिंगणा एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरने इंजिन कंपनीच्या आराखड्यावरून करून दिले, तांबं-निकेलच्या मिश्रधातूचे. यात हिशेब महत्त्वाचा. इंजिन जेवढी ताकद शाफ्टला, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्याला देतं, जवळजवळ तेवढीच उष्णता कूलंटमधून बाहेर टाकावी लागते. आराखड्यात पाण्याचं तापमान २५ अंश धरलेलं होतं. आमचं पाणी उन्हाळ्यात तीस-बत्तीसवर जातं, आणि आमची बोट फोटोसाठी पुलाखाली बराच वेळ जागेवर उभी असते, तेव्हा पाइपांवरून पाणी वाहतही नाही. म्हणून बत्तीस अंश आणि कमी वेग धरून पाइपांची लांबी वाढवून घेतली. पाइप कीलच्या, म्हणजे तळाच्या मधल्या कण्याच्या, दोन्ही बाजूंना कुशीत बसवले आणि पुढे लोखंडी पट्टीची आड दिली, खोडांचा मार बसू नये म्हणून. बसवण्याआधी हवेचा दाब भरून रात्रभर ठेवले, सकाळी काटा जागेवर होता. गोड्या पाण्यातल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: समुद्रात धातू गंजू नये म्हणून जस्ताचे अॅनोड, म्हणजे बोटीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारे ठोकळे, लावतात, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे लागतात.

बाहेरचं पाणी नाही म्हटल्यावर धुराचा पाइपही कोरडा झाला, म्हणजे तापणार. तो सिरॅमिकच्या दोरीने गुंडाळून, सायलेन्सर लावून छतावरून वर काढला. मुलांचा हात लागू नये म्हणून भोवती जाळी. इंजिनच्या खोलीत हवा खेळती राहावी म्हणून दोन ब्लोअर. डिझेलची टाकी उघडली तर तळाला काळा, शेवाळासारखा गाळ होता. टाकी आतून पूर्ण साफ केली, पाणी वेगळं करणारा फिल्टर नवा बसवला. नव्या इंजिनाचा पंप या गाळाने महिन्याभरात गेला असता.

शाफ्ट जुनेच, पण लेथवर फिरवून सरळ आहेत का ते पाहिलं. उजवा थोडा वाकलेला निघाला, तो नवा केला. शाफ्ट जिथून बाहेर पडतो तिथल्या ग्लँडचे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या सांध्याचे बुश भंडाऱ्यात गनमेटलचे करून घेतले. पितळेच्या कामात भंडाऱ्याचा हात धरणारं कोणी नाही. कारागिराने जुना बुश हातात फिरवून झीज कुठल्या बाजूला आहे ते दाखवलं आणि सांगितलं की इंजिन तिरपं बसलं होतं.

मिस्त्रीभाऊंनी जूनमध्ये इंजिनं बेडवर बसवली, शाफ्टशी ढोबळ जुळवणी केली आणि सांगितलं, बोल्ट पक्के पाण्यात गेल्यावरच. जमिनीवर टेकलेली बोट आणि तरंगणारी बोट यांचा आकार केसभर वेगळा असतो. आम्ही पाण्याची वाट पाहत थांबलो. पावसाळ्यात गोसेची ३३ दारं कधी उघडतात, कधी बंद होतात, पातळी वरखाली होते. त्या काळात रात्री झोप नसायची. दोर तपासायला दीर आणि ढिवर काका आळीपाळीने जागत. ऑगस्टमध्ये एका सकाळी बोट पोत्यांवरून उठली. मी आधी बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या आतल्या तळाशी, बॅटरी मारून पाहिलं. कोरडं होतं.

दोन दिवस तरंगू दिली, टाक्या भरल्या, मग जुळवणी. इंजिनाची आणि शाफ्टची चकती समोरासमोर आणायची आणि मधल्या फटीत फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्या, घालायचं, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. नियम सोपा आहे: चकती जितके इंच, तितके हजारांश इंच फरक चालतो. आमची चकती पाच इंची, म्हणजे ०.००५ इंच, मिलिमीटरमध्ये ०.१३. एका पायाचा नट अर्धा आटा फिरवला की समोरची फट हलते, ती बसवावी तर बाजूची सुटते. मिस्त्रीभाऊ पोटावर झोपून गेजची पाती सरकवायचे, मी वहीत चार आकडे लिहायची. डावं संध्याकाळपर्यंत झालं, उजव्याला दुसरा दिवस गेला. चारी बाजूंना एकच पाती सारखीच घट्ट सरकली तेव्हा त्यांनी मान वर केली आणि हसले. शाफ्ट हाताने फिरवला, फिरला. या कामाला कोणी दोन तासांत करून देतो म्हणाला तर त्याला देऊ नका.

वजन घटल्याने बोटीची मागची बाजू चार बोटं वर आली होती. बॅटऱ्या मागे नेल्या, पाण्याची टाकी सरकवली. नेव्हल आर्किटेक्टने येऊन तोलाची चाचणी घेतली.

चाचणीत इंजिनं पहिल्या चावीला लागली. आवाज एवढा कमी की केबिनमध्ये साध्या आवाजात बोलता येत होतं. पण पूर्ण रेसवर मिनिटाला ३००० फेरे यायला हवेत, ते २७०० च्या अलीकडेच थांबले आणि काळा धूर आला. म्हणजे पंखे जड. आमचे नवे पंखे १८ इंच व्यासाचे, १३ इंच पिचचे होते, म्हणजे पंख्याच्या एका फेऱ्यात बोट हिशेबाने १३ इंच पुढे जावी. पिच एक इंच कमी केली की साधारण दीडशे ते दोनशे फेरे वाढतात. पंखे मुंबईला पाठवून पिच ११ करून आणली, त्यात तीन आठवडे गेले. पंखा जड ठेवून चालवलं तर चालतं, लोक चालवतातही, पण इंजिन सतत ओझ्याखाली राहून लवकर जातं. पिच बदलल्यावर काटा ३००० च्या जरा वर गेला. कूलंटचं तापमान पुलाखाली अर्धा तास उभं राहूनही ८५ च्या पुढे सरकलं नाही. जलपर्णीच्या पट्ट्यातून मुद्दाम नेली. दीरांनी सवयीने जाळी धुवायला हात घातला, आता तिथे जाळीच नव्हती.

सर्वेक्षण ऑक्टोबरात झालं. इंजिनांचे क्रमांक, अग्निशामक, लाइफ जॅकेट, बिल्ज पंप, सारंगाचा (बोट चालवणाऱ्याचा) परवाना, आणि कोरड्या धुराच्या पाइपाभोवतीचं आवरण सर्वेक्षकांनी बारकाईने पाहिलं. पाइप केबिनच्या भिंतीतून जातो तिथे आणखी एक पत्रा लावायला सांगितलं, तो लावून फोटो पाठवला. नव्या नोंदीचं प्रमाणपत्र हातात पडायला दिवाळी उलटली. त्याच वर्षी अंभोऱ्याचा केबल पूल खुला झालेला, गर्दी दारात उभी आणि बोट कागदासाठी बांधलेली, हे सोसायला जड गेलं. तरी कागदाशिवाय एकही माणूस चढवला नाही.

खर्च असा आला. करासह इंजिनं ९ लाख ८७ हजार, वाहतूक ३८ हजार, कील कूलिंग १ लाख १० हजार, शाफ्ट-पंखे-कपलिंग १ लाख ४५ हजार, बेडचं काम ८५ हजार, धुराचा पाइप आणि वायरिंग ९० हजार, हायड्रा आणि मजुरी ३६ हजार, आर्किटेक्ट आणि कागदपत्रं ६० हजार. एकूण साडेपंधरा लाख. म्हणजे इंजिनांवर जेवढे गेले त्याच्या निम्म्याहून जास्त आजूबाजूच्या गोष्टींवर. कोटेशन हातात आलं की त्याची दीडपट धरून चला. डिझेल आधी दोन्ही मिळून तासाला चौदा लिटर लागायचं, आता आठ.

पहिले पन्नास तास इंजिन एकाच वेगाने चालवायचं नाही आणि उगाच आयडलवर ठेवायचं नाही, हे दीरांनी कटाक्षाने पाळलं. पन्नास तासांनी ऑइल, फिल्टर, व्हॉल्व्हचं अंतर, आणि जुळवणी पुन्हा. उजवं इंजिन माउंटच्या रबरावर किंचित बसलं होतं, ते नीट करून घेतलं. कोणाला तळाच्या पाइपांची मांडणी प्रत्यक्ष पाहायची असेल तर मार्च-एप्रिलमध्ये या. तेव्हा बोट पोत्यांवर असते, खाली वाकून सगळं हाताने पाहता येतं. येताना तुमच्या बोटीचा आराखडा आणि पाण्याच्या रेषेवरची लांबी घेऊन या, म्हणजे तिथेच बसून हिशेब करता येईल.